परशरामचा डावा हात

परशराम माझ्याच वयाचा, काकती गावचा. आमची ओळख झाली ती बेळगावातल्या एका दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीबाहेर. माझी थोरली बहीण अक्काताई तिथं आठवड्यातनं तीनदा असायची. किडन्या निकामी झाल्या की माणसाचं रक्त यंत्रातनं फिरवून धुवावं लागतं. हाताला सुया टोचून चार-चार तास खाटेवर पडून राहायचं, आणि घरच्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं. त्या बाकड्यावर परशरामची बायको मालुबाई भेटली. तिनं सांगितलेलं आणि मी बघितलेलं, असं मिळून हे आहे.

परशराम बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता, पण गावात त्याला त्यावरनं कुणी ओळखत नसे. तो भजनी मंडळाचा मृदंगी. बोलणं अगदी कमी. मालुबाई म्हणायची, ‘लगीन झाल्यावर वरीसभर मला वाटायचं, ह्यो माणूस मुका हाय का काय. समदं हातानंच बोलायचा.’

मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा त्यातनं घुमारा निघतो. ती कणीक मालुबाई भिजवून द्यायची. बायकांनी मृदंगाला हात लावायचा नाही, असं सासूनं पहिल्याच वर्षी बजावलेलं. कणीक तेवढी चालायची. सप्ताह असला की शेजारच्या गावांतनं परशरामला बोलावणं यायचं. बोटं काय, कुणाचीही चालतात, पण परशरामचा डावा ऐकावा, असं जुनी माणसं म्हणत. तो पडला की देवळाच्या फरशीवर बसलेल्यांना खाली मांडीत जाणवायचा.

डोकं दुखायचं म्हणून तो वर्षानुवर्षं मेडिकलातनं गोळ्या आणून खात होता. डोकं बीपीनं दुखतंय हे कुणी तपासलंच नाही. पाय सुजले, जेवण जाईना, तेव्हा बेळगावला आणला. तोवर किडन्या गेल्या होत्या.

डायलिसिस सुरू करण्याआधी हाताचं एक छोटं ऑपरेशन करतात. आतली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात. मग ती शीर दोरखंडासारखी फुगते आणि तिच्यातनं रक्त जोरात धावतं. बोट ठेवलं की खाली बारीक घरघर लागते. त्याला फिस्टुला म्हणतात. माणूस उजव्या हाताचा असेल तर डावा हात घेतात.

‘ह्या हातानं वजन उचलायचं नाही. दणका बसू द्यायचा नाही. ह्यावर झोपायचंसुद्धा नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘हा हात म्हणजे आता तुमचा जीव आहे.’

‘मृदुंग?’ परशरामनं विचारलं.

डॉक्टरांनी मालुबाईकडं बघितलं.

‘वाजवत्यात ते,’ ती म्हणाली.

‘ते आता विसरायचं,’ डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आल्यावर परशरामनं मृदंग देवळात नेऊन ठेवला. स्वतः उचलता येईना म्हणून शेजारच्या भरमूनं नेला, हा नुसता मागनं चालत गेला. त्यानंतर तो भजनाला गेला नाही. एकादशीला देवळाच्या भोंग्यावरनं आवाज यायला लागला की उठून खिडकी लावायचा. कारखाना सुटला. मुलगा सौरव पुण्यात नोकरीला होता, तो रोज फोन करायचा. परशराम ‘बरं हाय’ म्हणायचा आणि फोन मालुबाईकडं द्यायचा.

दवाखान्यातली ती खोली लांबट. दोन्ही अंगाला खाटा आणि प्रत्येक खाटेशेजारी माणसाएवढं यंत्र. तिथं समता नावाची मुलगी काम करायची, निपाणीची, बेळगावच्या खासबागात भाड्यानं राहणारी. ती होती टेक्निशियन, पण सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. बाहेर बोळात आमचं बाकडं, आणि बाकड्याशेजारी औषधी पाण्याचे रिकामे झालेले पांढरे प्लॅस्टिकचे कॅन भिंतीला लावून ठेवलेले असायचे. आतला एसी बिघडलेला, म्हणून काचेचं दार दिवसभर उघडं असायचं.

परशरामच्या शेजारच्या खाटेवर भीमाप्पा म्हणून निपाणीकडचे म्हातारे होते. ते आणि त्यांची बायको यल्लव्वा, दोघांनी उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. मुलगा प्रज्ञेश शिकून बँकेत लागला. भीमाप्पांची एके काळी गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरायचे, स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. आता आवाज खरवडल्यासारखा झालेला. पण यंत्रावर असताना पायात गोळे येतात, त्या कळा मोठ्या वाईट असतात. गोळा आला की भीमाप्पा ओरडत नसत, गाणं म्हणत.

‘तंबाखूच्या वखारीत आई माझी खोकली,
लेक तिची शाळंत गेली, मान न्हाय वाकली.’

एका दुपारी ते असंच म्हणत होते, आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर कुणाची तरी बोटं पडायला लागली. टिकटिक, बारीक, पण जागच्या जागी. बाहेर मालुबाई माझ्याशी काहीतरी बोलत होती, ती मधेच थांबली.

आत भीमाप्पांनी मान वळवली. ‘कोण वाजवतंय?’

‘मी. चुकलं काय?’ परशराम म्हणाला.

‘चुकलं न्हाय. पर ह्ये देवाचं न्हवं बरं का. मी देवाचं म्हणत न्हाय.’

‘तुमी काय बी म्हणा की. ठेक्याला कुठं देव असतोय.’

भीमाप्पा हसले, मग खोकले, मग पुन्हा पहिल्यापासनं सुरू केलं.

त्या दिवसापासनं हे दर खेपेचं झालं. पण ते ऐकताना काहीतरी अडायचं. एकाच हाताचा ठेका तो, डावा हात सुया टोचून उशीवर पडलेला. जिथं घुमारा यायचा तिथं नुसती मोकळी जागा सुटायची. भीमाप्पा त्या जागेवर अडखळायचे. आणि एक दिवस त्या जागेवर बाहेरनं आवाज आला. धुम्. मालुबाई रिकाम्या कॅनवर हात टेकून बसली होती, तिचाच तो हात पडला होता.

आतली बोटं थांबली. मालुबाईनं हात पदराखाली घेतला. तिचं तोंड चोरी पकडल्यासारखं झालं. मग बोटं पुन्हा चालू झाली, आणि जागा आली तेव्हा परशराम आतनं म्हणाला, ‘आता, मालू.’

तिनं हाणलं.

नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मला काय येतंय वो? तीस वर्सं घरात ऐकलं, तेवढंच. हात आपसूक पडला.’

उजवा हात दाराच्या आत, डावा दाराच्या बाहेर, आणि गाणारा तिसराच. खोलीतली माणसं वाट बघायला लागली. अक्काताई पूर्वी रिक्षात बसल्या बसल्या रडायची, ती आता रस्त्यात म्हणायची, ‘आज भीमाप्पा कुठलं म्हणत्यात बघू या.’ हुक्केरीकडचे एक मास्तर कन्नडमधली पदं म्हणायचे. यल्लव्वा बोळात माझ्याशेजारी बसून टाळ्या धरायची. ओपीडीला आलेली माणसं चिठ्ठ्या हातात धरून कोपऱ्यावर उभी राहायची.

फार चांगलं चाललं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ते दवाखान्यातलं गाणं होतं. कुणाचा बीपी उतरला, यंत्र ओरडायला लागलं की समता हात वर करायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. मग तिनं मान हलवली की पुन्हा सुरू. एकदा असंच थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या खानापूरच्या बाईला ढकलगाडीवरनं बाहेर नेलं. तिचा नवरा चपला हातात घेऊन मागनं पळत गेला. ती परत आली नाही. पुढच्या खेपेला त्या खाटेवर दुसरं कुणी होतं. भीमाप्पांनी गाणं काढलं, पण परशरामची बोटं दांडीवर पडायला बराच वेळ लागला.

पुढं कुणीतरी तक्रार केली. कुणी ते कळलं नाही. तक्रार खोटी होती असंही नाही, आजारी माणसाला आवाज नको वाटतोच. एसी दुरुस्त करून घेतला आणि रखवालदाराला दारापाशी बसवलं. दार जरा किलकिलं राहिलं की तो म्हणायचा, ‘बागिला हाक्री.’ म्हणजे दार लावा. कॅन उचलून मागच्या आवारात टाकले. समता बाहेर येऊन मालुबाईला म्हणाली, ‘मावशी, मला वरनं सांगितलंय. मी काय करू?’

‘तू काय करणार बाय. तुझी नोकरी हाय,’ मालुबाई म्हणाली.

दार काचेचं होतं. आतलं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. परशरामची खाट दाराजवळच. त्याची बोटं दांडीवर चालताना दिसायची, पलीकडं भीमाप्पांचं तोंड हलताना दिसायचं. मालुबाई बाकड्याच्या कडेला सरकून बसायची आणि त्या बोटांकडं बघत आपल्या मांडीवर हात टाकायची. त्याला तिचा हात दिसायचा. काही दिवस त्यांनी असं वाजवलं. बोळात चिटपाखराचा आवाज नाही, आणि ही बाई काचेकडं बघत मांडीवर थाप मारतेय. जाणारी-येणारी माणसं तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायची. मीसुद्धा एकदा तोंड दुसरीकडं वळवलं. बघवत नव्हतं.

भीमाप्पा गेले ते घरीच, रविवारी, जेवून आडवे झाल्यावर. आम्हाला सोमवारी कळलं. त्यांच्या खाटेवर चादर बदलून नवा पेशंट निजवला होता. परशरामनं समताला विचारलं, ‘भीमाप्पा आलं न्हाईत?’

‘ते आता येणार नाहीत, काका,’ ती म्हणाली आणि त्याच्या हातात सुई घालताना पहिल्यांदाच तिची सुई चुकली. दुसऱ्यांदा घालावी लागली.

काही दिवसांनी यल्लव्वाचा मालुबाईला फोन आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, दोघं या. परशराम लगेच जायचं म्हणाला. मालुबाईला बरं वाटलं, कारण दवाखाना सोडून तो कुठंच जात नव्हता. काकतीला हायवेवर बस धरून दोघं निपाणीला गेली.

बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. मग भीमाप्पांच्या जुन्या पार्टीतली उरलेली माणसं बसली, त्यांची गाणी म्हणायला. ढोलकीवर मष्णू म्हणून म्हातारा होता. त्याचे हात कापत होते. पहिलं गाणं कसंबसं झालं. दुसऱ्याला ठेका पार विस्कटला आणि म्हणणारे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मष्णूनं ढोलकी मांडीवरनं खाली ठेवली. म्हणाला, ‘भीमा असता तर शिव्या घातल्या असत्या मला.’

परशराम भिंतीकडेला बसला होता. उठून पुढं गेला आणि त्यानं ढोलकी ओढून घेतली.

‘अवो, हात!’ मालुबाई बायकांतनं म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं पुढं काही म्हटलं नाही.

ह्या गोष्टीचं तिला फार लागून राहिलं. मला किती वेळा म्हणाली असेल, ‘त्यांनी माझ्याकडं इचारल्यागत बघितलं वो. मी न्हाय म्हणाय पायजे हुतं. मी म्हटलं न्हाय. मला बी ऐकायचं हुतं. मी बी ऐकत बसलो.’

पार्टी आठवतील तेवढी गाणी म्हणत गेली आणि परशराम दोन्ही हातांनी वाजवत गेला. प्रज्ञेशनं नंतर मला सांगितलं, घरातली लहान-थोर माणसं दाराशी येऊन उभी राहिली, वडील गेल्यापासनं आई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. परतीच्या बसमध्ये परशराम डावा हात मांडीत घेऊन झोपला. खूश होता, असं मालुबाई सांगते. संकेश्वरजवळ जागा होऊन तो म्हणाला, ‘भूक लागलीय.’ आजारात ह्या माणसानं भूक लागली म्हणून कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातातली घरघर बंद होती.

तो रोज उठल्यावर हात कानाशी धरायचा, समतानंच शिकवलेलं. त्या दिवशी बराच वेळ धरून बसला. मग मालुबाईच्या कानाला लावला. तिलाही काही लागेना. दोघंही तशीच दवाखान्यात आली. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ऑपरेशन करून बघितलं, शीर उघडली नाही. शेवटी गळ्याजवळ नळी घातली आणि तिच्यातनं डायलिसिस सुरू केलं.

मालुबाईनं भेटेल त्याला विचारलं, ढोलकीनंच झालं का हे? डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं ना. समता म्हणाली, ‘मावशी, तसं छातीठोक सांगता येत नाही. बीपी उतरला तरी गाठ होते, झोपेत हात दबला तरी होते.’ मालुबाईला ह्यातलं डॉक्टरांचंच खरं वाटलं.

मी परशरामला कधी विचारलं नव्हतं. एकदा बोळात खुर्चीवर बसलेला असताना तोच आपणहून म्हणाला, ‘पश्चात्ताप हाय मला. लई हाय. हिचे हाल बघवत न्हाईत. पर परत बोलावलं तर परत जाईन, असं बी वाटतंय. मला काय कळंना झालंय.’

अशा नळीतनं जंतू आत जातात आणि ताप येतो. त्याला तो पुनःपुन्हा यायला लागला. अंग वाळत चाललं. खाटेच्या दांडीकडं तो हातही नेत नसे. आणि मधेच एक दिवस घरी असताना तो मालुबाईला म्हणाला, ‘आता ह्या हाताला कसलंच बंधन न्हाय गं. मृदुंग आणाय सांग.’

भरमूनं देवळातनं मृदंग आणून दिला. मालुबाईनं कणीक भिजवली. थापायची ताकद परशरामच्या बोटांत नव्हती, म्हणून त्यानं सांगितलं तशी तिनंच डाव्या तोंडाला लावली. संसारात पहिल्यांदा तिचा हात त्या चामड्याला लागला. त्यानं डावा हात उचलला आणि टाकला. आवाज नुसता फद् असा आला. पुन्हा टाकला. पुन्हा तसाच. हात तिथंच राहिला, तो त्याला उचलवेना.

थोड्या वेळानं म्हणाला, ‘कणीक काढून ठेव. सुकली तर तोंड फाटतंय.’

तिनं ती काढली, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. भरमू मृदंग परत देवळात ठेवून आला.

गणपती झाल्यावर परशराम गेला, दवाखान्यातच, तापात. सौरव आदल्या दिवशी पोचला होता, तेवढं बरं झालं. मंडळानं त्याला टाळ-मृदंगाच्या गजरात नेला. मी होतो. मालुबाई दारात बायकांत उभी होती. नंतर म्हणाली, मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही, नुसते माणसांचे हात वर-खाली होताना दिसले.

गावातल्या बायकांचं एक भजनी मंडळ आहे. तिच्या दवाखान्यातल्या वाजवण्याची गोष्ट तिकडं पोचलेली. त्या येऊन म्हणाल्या, आमच्यात ये, आम्ही तुला शिकवू. तिनं नको म्हटलं. त्या पुन्हा आल्या, पुन्हा नको म्हटलं. सौरव पुण्याला चल म्हणतो, तेही नको म्हणते. मच्छ्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी करायला जाते. आवाज फार असतो तिथं, मशिनींचा, ताटांचा. ते बरं वाटतं म्हणते.

अक्काताईचं डायलिसिस चालूच आहे. दवाखान्यानं ती खोली वरच्या मजल्यावर नेली. समता बदली होऊन हुबळीला गेली. आता प्रत्येक खाटेसमोर टीव्ही आहे आणि कानाला लावायची वायर आहे. पेशंट आपापलं बघत पडलेले असतात.

दिवाळीनंतर मी काकतीला गेलो, तेव्हा यल्लव्वा आली होती. सकाळच्या बसनं एकटीच आली होती, निपाणीची मिरची घेऊन. दोघी पायरीवर बसून दुपारभर बोलत होत्या, ह्या साली ऊन कसं पडलं, मिरची किती वाळली, यल्लव्वाच्या नातीचं कॉलेज कुठं लागलं. नवऱ्यांचा विषय दोघींनीही काढला नाही. मग आम्ही तिघं यल्लव्वाला बसवायला हायवेवर गेलो.

बस लवकर येईना. तेवढ्यात लग्नाचा डीजे लावलेला ट्रक सर्व्हिस रोडनं आला, मागं नाचणारी पोरं. आवाज एवढा, की रस्त्याकडेच्या हॉटेलाच्या काचा थरथरत होत्या. यल्लव्वानं छातीवर हात दाबून धरला. मालुबाई तिला काहीतरी सांगत होती, ते ऐकू जाईना म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगत होती. ट्रक अगदी सावकाश पुढं सरकत होता. त्याच्या मागं अडकलेली निपाणीची बस मला दिसली. मी हात केला.

‘ये गं परत,’ मालुबाई ओरडून म्हणाली.

‘व्हय, येतो,’ यल्लव्वा म्हणाली असावी. तिचे ओठ तेवढे हलले. कंडक्टरनं तिला हाताला धरून वर घेतलं आणि बस गेली.